पेरून पाहावे

माझ्या धाकट्या लेकीचा डावा डोळा लहानपणापासून अधू. वन्सं म्हणायच्या, "हिला नजरेचं काम नको गं. एखादं बोलायचं बघा, जीभ बरी चालते हिची."

तिनं मात्र नोकरी धरली ती बियाणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत. ताटल्या धुवायच्या, नमुन्यांच्या पिशव्यांना चिठ्ठ्या लावायच्या, असली वरकामं. खरी तपासणी चालते खिडकीजवळच्या टेबलावर. विक्रीला जाणाऱ्या बियाण्यात तणाचं बी किती, फुटकं किती, खडे किती, हे भिंगातून बघायचं आणि अहवालावर सही करायची. ती जागा रिकामी झाली आणि हिनं अर्ज केला. मी म्हटलं, नको गं बाई. आहे तो चांगला डोळाही भिंगापायी जायचा!

"आई, भिंगाला डोळा एकच लागतो," ती म्हणाली. "तेवढा आहे माझ्याकडे."

त्या जागेसाठी परीक्षा होती. सरावासाठी ती भिंग घरी घेऊन आली. मी ते मोहरीवर धरून वाकले, तर हसत सुटली. "अगं, माशी मारतेयस का? भिंग डोळ्याशी ने आणि दाणा वर आण. दुसरा डोळा मिटू नकोस, उगाच दमतो."

आणि दिसलं! दाण्यावर बारीक जाळी विणलेली. इतकी वर्षं डब्यातून चमचा चमचा काढतेय, कधी कळलं नव्हतं.

परीक्षेहून आली तशी मी तिला दारातच गाठलं.

"कशी झाली?"

"बरी. शेवटच्या ताटलीत कोबी आणि फ्लॉवरचं बी मिसळलेलं होतं. कोणतं किती ते लिहायचं होतं."

"मग?"

"मी लिहिलं, भिंगातून ओळखता येत नाही. पेरून पाहावे."

"अगं बाई! अंदाजानं तरी आकडा टाकायचास! बाकीच्यांनी टाकलाच असेल."

"सगळ्यांनी टाकलाय. पण आई, त्या आकड्यावर विसंबून कुणी शेतभर कोबी लावला आणि निम्मा फ्लॉवर उगवला तर?"

मला शेताचं काही पडलेलं नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर पुन्हा त्या धुवायच्या ताटल्याच. हे पेपरामागून म्हणाले, "तुझी काळजी बघायला मात्र भिंग लागत नाही हो."

निकालाच्या दिवशी तिथल्या मुख्य बाईंनी सगळ्या उमेदवारांना समोर बसवलं आणि विचारलं, "शेवटच्या ताटलीचा आकडा कुठून आणलात?" एकजण पुटपुटला, "अंदाजे, मॅडम."

मग बाई माझ्या लेकीकडे वळल्या. "डोळा अधू म्हणून तुला फरक दिसला नाही, असं कुणी म्हणालं तर?"

"तर तुम्ही बघून सांगा, मॅडम."

वन्सं जिभेबद्दल खोटं बोलत नव्हत्या! पण बाई हसल्या. "मलाही सांगता येत नाही. नुसतं बी बघून कुणालाच येत नाही. उद्यापासून खिडकीजवळ बस."

यावर हिनं काय म्हणावं? "खुर्ची बदलून मिळेल का? तिथली फार उंच आहे, कोपरं टेबलाला टेकत नाहीत. हात हलला की दाणा हलतो."

जागा मिळते न मिळते तोच मागणी! ऐकून मी कपाळाला हात लावला. पण तोंडावरचं हसू काही केल्या आवरेना.

खुर्ची मिळाली. आता तिथून निघणाऱ्या अहवालांवर माझ्या लेकीची सही असते, आणि त्या सहीच्या भरवशावर लोक बी मातीत टाकतात.