पुठ्ठ्याची वीणा आणि माझा हात

मँडोलिनवर हात साफ कसा बसवावा, असं हल्ली कुणी विचारायला आलं की मी आधी उलट विचारतो, कशासाठी बसवायचाय? लोकांना तो म्हाताऱ्याचा तिरसटपणा वाटतो. वाटू दे. माझा हात साफ बसला तेव्हा काय झालं, ते एकदा सांगूनच टाकतो.

वाद्य घरात आणलं थोरल्या भावानं. तो पलटणीत होता, इटलीतल्या लढाईवरून परतताना ते ट्रंकेत कपड्यांच्या घडीत गुंडाळून घेऊन आला. त्याला स्वतःला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. रजा संपवून तो गेला आणि मँडोलिन खुंटीवर राहिली. आमचं गाव कराडजवळचं, नदीकाठचं, उसाचं. तारेचं वाद्य म्हणजे शाहिराच्या मागचं तुणतुणं, एवढीच गावाची ओळख. म्हणून मीही मँडोलिन तुणतुण्यासारखीच वाजवायला लागलो. हात कोपरापासून हलवायचा आणि सगळे घाव वरून खाली घालायचे. बेंदराआधी बैलांची शिंगं साळतात, तेव्हा खाली पडलेली एक जाडसर ढलपी उचलून दगडावर घासली आणि तिची नखी केली. त्या नखीनं मी तारांना अक्षरशः बडवत असे. आणि गाव काय म्हणायचं, तर पोरगं लय झ्याक वाजवतंय, पार नदीपल्याड ऐकू जातंय. आमच्याकडं पल्याड ऐकू गेलं की वाजवणं चांगलं. हा नुसता गोंगाट चाललाय, असं मला एका माणसानं तरी सांगायला हवं होतं.

पुढं वडिलांबरोबर, म्हणजे आबांबरोबर, गुळाच्या गाड्या घेऊन सांगलीच्या पेठेत गेलो, तेव्हा तिथं एका नाटक कंपनीचा मुक्काम होता. नव्या खेळात नायकाच्या हाती वीणा होती आणि आतून सूर देणारं कुणी त्यांना मिळत नव्हतं. मी वाद्य घेऊन दारात उभा राहिलो. कंपनीचे संगीत मास्तर ऑर्गन वाजवायचे. त्यांनी माझं वाजवणं जेमतेम घडीभर ऐकलं आणि म्हणाले, कान चांगला आहे, पण हात औताचा आहे. तरी ठेवून घेतलं.

आबांचा या सगळ्याला विरोध होता. थोरला पलटणीत, मी नाटकात, मग उसाला पाणी कुणी पाजायचं? त्यांचं म्हणणं चूक नव्हतं, हे मलाही कळत होतं. शेवटी त्यांनी एकच अट घातली. खेळ लागला की ते स्वतः येऊन ऐकणार. हात चालत असला तर मी राहायचं, नाहीतर त्यांच्याबरोबर गाडीत बसायचं. माझं सगळं पुढचं आयुष्य त्या एका ऐकण्यावर टांगलेलं होतं.

मग मास्तरांनी मला जे छळलं, त्याला तोड नाही. शिंगाची नखी पहिल्याच दिवशी काढून घेतली आणि कासवाच्या पाठीची पातळ, वाकणारी नखी दिली. ती धरताना माझी बोटं इतकी आवळली जात की अंगठ्याचं नख पांढरं पडे. यावर त्यांनी काय करावं? माझ्या चिमटीत नखीच्या जोडीनं एक चुरमुरा दिला. म्हणाले, वाजव, चुरमुरा फुटला तर हात घट्ट. सांगलीचे चुरमुरे आधीच हलके. माझा रोज चुरा व्हायचा आणि कंपनीतली नट मंडळी हसत विचारायची, भडंग कालवतोस का रे? मला वाटे, ती मँडोलिन यांच्या टाळक्यात घालावी.

पण मास्तर खोटं बोलत नव्हते, याचाच मला जास्त राग यायचा. तारा जोडीनं असतात. खाली येणारा घाव दोन्हींवर बसतो, वर जाणारा आळशी, एकीलाच चाटून जातो. म्हणून माझं वाजवणं लंगडत होतं. नखी मी तारांत खोल बुडवत होतो, म्हणून ती अडत होती. डावं बोट दांडीवरच्या पडद्यापासून लांब पडत होतं, म्हणून तार झणझणत होती. त्यांनी मला गत सोडाच, एक सरगमसुद्धा कित्येक दिवस वाजवू दिली नाही. एकच तार, खाली-वर, खाली-वर, दोन्ही घाव सारखे येईपर्यंत. कोपर मांडीला टेकवून ठेवायचं आणि फक्त मनगट हलवायचं, दारावर हळू टकटक करावी तसं. राग आला की मनगट ताठ होतं आणि सूर मळतो, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. राग आणायचा त्यांनीच, आणि वर हे ऐकवायचं!

एके दिवशी चुरमुरा फुटला नाही. मी सबंध गत वाजवली आणि तो चिमटीत तसाच होता. सूर एकेक सुटा, धुतलेल्या तांदळासारखा. मला रडू आलं. मास्तर फक्त म्हणाले, "आता नटाला बोलाव."

तेव्हा मला कळलं की हे सगळं कशासाठी चाललं होतं. नायकाचं काम करणारा नट पुठ्ठ्याची, सोनेरी कागद लावलेली वीणा घेऊन रंगभूमीवर बसणार आणि मी विंगेत पडद्याआड वाजवणार. माझा घाव साफ नसता तर त्याच्या बोटांचा आणि सुराचा मेळ बसला नसता आणि लोक हसले असते. म्हणून माझा हात साफ हवा होता! तो नट माझ्यासमोर बसून माझ्या मनगटाची नक्कल घोटायचा. गडी हुशार, हे मान्य करतो. त्याला सा कुठला नि रे कुठला हे कळत नव्हतं, पण मनगट हुबेहूब माझं घेतलं.

खेळ लागला. पहिल्याच प्रयोगापासून वीणेच्या प्रवेशाला वन्स मोअर येऊ लागला. नट उठून नमस्कार करायचा आणि मी विंगेत घाम पुसत पुन्हा वाजवायला लागायचो. मी जितकं स्वच्छ वाजवावं, तितकं लोकांना ते त्याचंच वाटे. याला काय म्हणावं?

आबा रविवारी दुपारच्या खेळाला आले. धुतलेलं धोतर, नवा पटका, पुढं जमिनीवर बसले होते. पडद्याच्या फटीतून मी त्यांना पाहिलं आणि त्या दिवशी जसं वाजवलं, तसं पुन्हा कधी वाजवलं असेल असं वाटत नाही. खेळ सुटल्यावर थिएटरच्या मागच्या अंगणात ते भेटले. डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, जिंकलो.

"काय हात हाय रं त्या पोराचा," आबा म्हणाले. "एकेक सूर निवडून ठेवल्यावाणी. तू कुटं हुतास?"

मी सांगितलं की ते मीच वाजवत होतो, आतून. आबा समजूत घालावी तसं हसले. म्हणाले, मी ह्या डोळ्यानं बघितलं की त्याला वाजवताना. वीणा पुठ्ठ्याची आहे, तिला तार नाही, हेही सांगितलं. मग त्यांचा चेहरा उतरला. पोरगं खोटं बोलायला शिकलं, असं त्यांना वाटलं असणार. ते हळूच म्हणाले, "मग वाजव की हितं."

मी मँडोलिन आणली. त्या वेळी माझ्या अंगात जो संताप होता, तो सांगता येणार नाही. नटावर, मास्तरांवर, टाळ्या पिटणाऱ्या त्या सगळ्या सांगलीवर, आणि बापाला पोराचा हात ओळखू येऊ नये याच्यावर. अंगठा आवळला, मनगट लाकडासारखं झालं. नखी तारांत अडू लागली, तारा झणझणल्या. जी गत मघाशी धुतल्यासारखी आली होती, तिचा मी चिखल केला. मध्येच थांबलो.

आबांनी पाठीवर हात ठेवला. ते रागावले नव्हते, ते मला जास्त लागलं. म्हणाले, "हात चालतोय तुझा, पर कच्चा हाय. ऱ्हा अजून. मी बगतो उसाचं."

एवढं बोलून ते मला घेऊन रंगपटात शिरले. नट तोंडाचा रंग पुसत बसला होता. आयुष्यात पाटलापुढंही न वाकलेल्या माझ्या बापानं त्या माणसापुढं हात जोडले आणि म्हणाले, "आवं, एवढं माज्या पोराला पदरात घ्या. तुमच्यावाणी साफ वाजवाय शिकवा."

नटानं आरशातून माझ्याकडं पाहिलं. मग उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"शिकवीन की, आबा," तो म्हणाला. "हात जरा जड आहे त्याचा, पण येईल."

आबांनी मला त्याच्या पाया पडायला लावलं. मी पडलो. मला कंपनीत राहायचं होतं.