ओठात धरलेला दोरा

वैजू, पत्र लिहितेय, तरी ये गो, अशी जवळ बस. लांबून हो-हो करू नकोस. तीन आठवडे झाले, आईला मेसेजवर नुसते अंगठे पाठवतेस. मी काय सावकार आहे अंगठे घ्यायला? ‘बिझी’ म्हणे! तुमचं बिझी मला शिकवू नकोस.

राजापूर सोडलं तेव्हा मी काही हसत नव्हते निघाले. तुझे बाबा कतारात मेसईदला खताच्या कारखान्यात लागले होते आणि मी हातमशीन गोणपाटात बांधून एसटीत चढले. गाडी हलली तेव्हा तुझे आजोबा खिडकीशी येऊन एवढंच म्हणाले, “शिवण सोडू नको.” जपून राहा नाही, पत्र लिही नाही. रागच आला मला.

पण दोह्यात, नजमातल्या त्या एका खोलीत शिवणानेच हात दिला. पडद्याच्या अलीकडे आपण, पलीकडे दुसरं बिऱ्हाड. तिथल्या बायकांच्या काळ्या झग्यांना, अबायांना, किनार लावायची, कॅफेटेरियावाल्यांच्या पँटी आखूड करायच्या. तू माझ्या पायाशी बसून सुया ओवायचीस. दोऱ्याचं टोक ओठात धरायचं, ओलं करायचं, दातांनी चपटं करायचं, की नेढ्यातून पार. वर मलाच म्हणायचीस, “यल्ला मम्मा, नेक्स्ट!”

आता बिन महमूदच्या नव्या घराला लिफ्ट आहे, शेजारणी आहेत. तू अमेरिकेला अंतराळयानाच्या दुलया शिवायच्या कामाला लागलीस तेव्हा हळदीकुंकवाला एकीने नाक मुरडलं, “एवढं टेक्स्टाईल इंजिनिअरिंग करून शेवटी शिवणच का हो, काकू?” त्या बाईला स्वतःच्या ब्लाऊजचं बटण लावता येत नाही. मी तिच्या पानात दुसरी करंजी वाढली नाही.

आणि ते तुमचं यान! ‘रियुजेबल’ म्हणून काय तो तोरा! एकदा वर जाऊन येतं आणि आल्यावर बाळंतिणीसारखे लाड. अंग पुसा, पोटाखालची आच अडवणारी एकेक फरशी तपासा, पाणी मुरू नये म्हणून तिला सुईने औषध टोचा, पाठीवरची भाजलेली दुलई काढा, काचेच्या धाग्याने नवी शिवा. एवढं झाल्यावर महाराज पुन्हा उडणार. तुझ्या बाबांचा बॉयलर सूट मी गुडघे बदलून, कोपर बदलून वर्षानुवर्षं चालवला. त्याचं उद्घाटन करायला कुणी आलं नाही.

म्हणूनच त्या दिवशी फोनवर तू रडत म्हणालीस, “आई, मी आज धागा तोंडात घातला,” तेव्हा मला हसूच आलं. दुलईचे शेवटचे चार टाके राहिले होते, धागा ओवला जाईना, आणि मास्क खाली करून तू नजमातली वैजू झालीस. थुंकीतल्या खाराने तो धागा तापल्यावर ठिसूळ होतो, हे मला कुठे ठाऊक! कुणी पाहिलं नव्हतं. तूच जाऊन साहेबाला सांगितलंस. अख्खी दुलई बाद, उड्डाण पुढे, आणि तुला टेबलावरून उठवून कागद चाळायला बसवलं. वर तो मीटिंगमध्ये म्हणतो, इथे घरगुती सवयी चालत नाहीत. मेल्या, त्या घरगुती सवयींच्या जोरावरच तर तुझं यान पांघरूण घेऊन झोपतं!

पण मी तरी काय बोलले? “कुणी बघितलं नव्हतं ना? मग सांगायला कशाला गेलीस? गप्प बसायचं, खलास!”

तू म्हणालीस, “आणि वर उसवलं तर?” आणि फोन ठेवलास. तेव्हापासून हे अंगठे.

वैजू, साहेबाला मी शिव्या घातल्या, त्या शेजारणीला घातल्या, निर्जीव यानालाही सोडलं नाही. पण या सगळ्यात हलकं बोलले ती मीच. नजमात एका बाईची अबाया माझ्या इस्त्रीने जळली होती, आठवतं? मी डागावर किनार वळवून पूर्ण पैसे घेतले. तू सहा वर्षांची होतीस. “मम्मा, टेल हर,” म्हणालीस, आणि मी डोळे वटारले. दोरा ओवायला मी शिकवलं. कबूल करायला तू कुठे शिकलीस कोण जाणे, माझ्याकडे तर नाही.

घर कुठलं असं कुणी विचारलं की पूर्वी मी पटकन राजापूर म्हणायचे. आता अडखळते. तू चूक करून आलीस आणि पहिला फोन मला केलास, म्हणजे तेव्हा घर मीच होते. आणि मी दार लावून घेतलं.

आता रजा नाही म्हणू नकोस. कागद चाळणाऱ्या माणसावाचून उड्डाण अडत नाही. विमानतळावर बाबांना पाठवणार नाही, मी स्वतः येईन. ‘चुकले’ हे फोनवर म्हणायला माझी जीभ वळत नाही, तुझ्या तोंडाकडे बघून म्हणेन. लवकर ये गो.