आई पट्ट्यावर चढली ती दुपार

बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. दापोड्यात आमच्या दारासमोर चालायचं कुठे? गोदामांकडे जाणारे कंटेनर घरांना घासून जातात आणि उरलेल्या जागेत ट्रक उभे असतात. म्हणून भावाने घरी ट्रेडमिल आणली. आमच्या भाताच्या शेतांवर आता ती गोदामं आहेत. सगळं आयुष्य बांधावरून ये-जा केलेल्या माणसाला चालायला यंत्र लागावं, याचं आईला फार हसू यायचं.

जोडणीला धामणकर नाक्यावरचा मेकॅनिक आला. त्या दिवशी मीही कामतघरहून माहेरी आले होते. बाबांनी त्याला पहिल्यांदा हेच विचारलं, "यो पट्टा मी ढकलायचा, का योच मना ढकलनार?"

मेकॅनिकला मराठी समजायचं, बोलायचा मात्र हिंदीत. त्याने पुढचं झाकण उघडून दाखवलं. "देखो चाचा, ये मोटर." मोटरीवरून एक अरुंद पट्टा पुढच्या रोलरवर गेला होता. मोटर रोलर फिरवते आणि रोलर पायाखालचा रुंद पट्टा ओढतो. तो पट्टा मागच्या रोलरला वळसा घालून खालून परत पुढे येतो. पट्ट्याखाली गुळगुळीत फळी असते आणि दोन्हींच्या मध्ये तेल. पाऊल पडलं की वजनाने पट्टा फळीवर दाबला जातो, अडू पाहतो. अशा वेळी मोटर जास्त वीज घेते, पण वेग कमी होऊ देत नाही.

"आप थक जाओगे चाचा, ये नहीं थकेगी," तो म्हणाला.

एक लाल चावी होती, दोरीला बांधलेली. दोरीचा चिमटा सदऱ्याला लावायचा. माणूस मागे घसरला तर चावी निघते आणि मोटर बंद पडते. आईला एवढं एकच पटलं. बाबा चढले की चिमटा तीच लावायची आणि शेजारी खुर्ची टाकून वाल सोलत बसायची. शेती असताना ही दोघं कामापुरतीच बोलायची. आता बाबा जागच्या जागी चालत असायचे, आई बसलेली असायची, आणि गप्पा संपायच्या नाहीत. कुणाची म्हैस कुठल्या खड्ड्यात पडली होती, कुणाच्या हळदीला पाऊस आला होता, असं काहीही. बाबांचा चेहरा भरत चालला होता. त्यांच्याकडे बघून आम्हा सगळ्यांना बरं वाटायचं.

मग एका रविवारी दुपारी बाबा आईला म्हणाले, "ये गो, तू पन चढ."

"मना कशाला? मी घरभर चालतेच की."

"चढ तर. मजा येते."

आईने पदर खोचला, निऱ्या वर घेतल्या आणि दोन्ही दांडे घट्ट धरले. चिमटा या वेळी बाबांनी लावला. त्यांनी अगदी कमी वेग ठेवला. पट्टा सरकला तशी ती "अगो बाय!" करून हसली. वहिनी स्वयंपाकघरातून बघायला आली. आई थोडी चालली, मग हसायची थांबली, मग बोलायचीही. तिचे ओठ काळपट दिसायला लागले.

"बंद करा," ती कशीबशी म्हणाली. बाबांनी चावी खेचली.

खुर्चीवर बसून ती कितीतरी वेळ छातीवर हात धरून होती. "लय पलतं तुमचं यंत्र," ती म्हणाली.

बाबा हसले नाहीत. दवाखान्यातून घरी आल्यावर ते याच वेगाने चालायला लागले होते. त्यांनी हळूच विचारलं, "कवापासून दम लागतो तुला?"

"लागतो थोडा. बसलं की जातो."

तेव्हा आम्हाला समजलं की आई कायम थांबत-बसत होती. जिना चढताना मध्येच कुणाला तरी हाक मारायची. भाजीच्या गाडीपाशी उगाच टोपलीतल्या मिरच्या चाळत उभी राहायची. नळावर बोलत राहायची. आम्ही म्हणायचो, आईला बोलायला फार लागतं. ती दम घेत होती, आणि ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. रस्त्यावर माणूस आपल्या चालीने चालतो. पट्ट्यावर वेग मोटर ठरवते.

डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची झडप अरुंद झाली आहे, बहुतेक लहानपणीच्या कुठल्यातरी तापाने. ऑपरेशन करावं लागेल. बाबा घाबरले, आई नाही. "तुमचं झालं ना बरं? माझंबी होईल," ती म्हणाली.

ऑपरेशन नीट झालं. त्यानंतर फुप्फुसांत संसर्ग झाला आणि आई घरी आलीच नाही.

कार्य उरकल्यावर बाबा भावाला म्हणाले, "मीच चढवली तिला त्याच्यावर."

"बाबा, आजार आधीपासूनच होता. डॉक्टर म्हणाले ना?"

"आजार हाय तो हाय. पन तिला म्हाईत न्हवता. उठत बसत चाललं होतं ना तिचं?"

ऑपरेशन केलं नसतं तर ती किती जगली असती, हे मी पुढे डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, सांगता येत नाही.

बाबा पुन्हा ट्रेडमिलवर चढले नाहीत. तिच्यावर टॉवेल वाळायला लागले. एकदा वहिनीने चालू करून बघितली तर जळल्यासारखा वास आला, म्हणून मेकॅनिकला बोलावलं. मधलं तेल सुकलं होतं. पट्टा उचलून त्याखाली नवं तेल सोडताना त्याने सहज विचारलं, "चाची नहीं दिख रहीं?" जोडणीच्या दिवशी आईने त्याला चहा-पोहे दिले होते. बाबांनीच त्याला आई गेल्याचं सांगितलं आणि ते म्हणाले, "बेटा, तूच ले जा इसको. किसी को लगेगा तो दे दे."

यंत्र टेम्पोत चढवताना बाबा स्वतः एका बाजूने हात लावत होते.

आता ते संध्याकाळी गच्चीवर चालतात. माहेरी आले की मीही बरोबर असते. गोदामांचे पत्रे लांबपर्यंत दिसतात, खालून ट्रकचे हॉर्न येत असतात. मध्येच ते थांबतात. मला आधी वाटायचं, त्यांनाच त्रास होतोय. पण ते वळून माझ्या तोंडाकडे बघतात.

"दम लागतो का गो तुला? खरं सांग."

"न्हाय बाबा."

त्यांचं समाधान होत नाही. माझे ओठ, माझा श्वास ते बराच वेळ निरखत राहतात. मी तशीच उभी राहते, त्यांचं बघून होईपर्यंत.