यमुना आणि भाताचा काटा

यमुना गेल्याचा फोन आला तेव्हा मी ओसरीवर सुकट निवडत होते. पुतण्या म्हणाला, काकी, आत्या गेली. मी बरं म्हटलं आणि उरलेली सुकट निवडून डब्यात भरली. उघडी टाकली असती तर मांजरानं खाल्ली असती, आणि यमुना काही त्यानं परत येणार नव्हती. मग हातपाय धुतले, लुगडं बदललं आणि खोपोलीला गेले. तिथं बायका आपसांत म्हणाल्या, म्हातारी दगडाची आहे. असेन. आता सव्वा महिना झाला. नातीनं वही पुढं केली, म्हणाली आजी, तू लिही, पेपरवाले छापतो म्हणतात. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. यमुनेचे गुण गायला मला यायचं नाही, आणि तिचे अवगुण मला जास्त पाठ आहेत. पण ती कशी खेळायची आणि खेळवायची ते सांगायला बसले की या वयातही माझे पाय जागेवर राहत नाहीत, तेवढं मात्र खरं.

यमुना माझी नणंद, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. कर्जत-खोपोली रस्त्याला लागून आमचं गाव. मी या घरात लग्न होऊन आले ती एकोणीसशे पन्नासनंतरची पहिली दोन-चार वर्षं असतील. उंबऱ्यावर उजव्या पायानं तांदळाचं माप लवंडलं आणि आत पाऊल टाकलं, तोच दाराआडून कुणीतरी माझा घोटा धरला. खाली बघते तर दहा वर्षांची पोरगी पालथी पडलेली, दोन्ही हातांनी माझा पाय आवळलेला, आणि म्हणते, "वैनी बाद." सासूबाई लाटणं शोधत होत्या. मी नवरी, डोक्यावरून पदर, सगळं गाव बघतंय... मला काही सुचेना, म्हणून तिला तशीच ओढत दोन पावलं आत गेले. पुढं आयुष्यभर ती लोकांना सांगायची की वैनीला मी टाकलेली पकड तेवढी सुटली.

त्या वेळी कबड्डीला आम्ही हुतूतू म्हणायचो. यमुना पोरांत खेळायची. तेरा वर्षांची झाल्यावर सासऱ्यांनी बंद केलं, मग लग्न झालं, आणि वर्षभरात ती परत आली. नवऱ्याची दुसरी बायको आधीपासून होती. रडली नाही. गावातल्या शाळेत शिपाईण म्हणून लागली, वर्ग झाडायची, घंटा द्यायची. भावांचं मंडळ होतं, त्यांचे सामने बांधावर बसून बघायची आणि तिथूनच कोण कसा चुकला ते ओरडून सांगायची. भाऊ चिडायचे, पण पुढच्या वेळी तिनं सांगितलं तसंच करायचे.

मग एका वर्षी पौषात झोडणी उरकली आणि तिनं शाळेतल्या पोरी आमच्या खळ्यावर आणून उभ्या केल्या. झोडणीसाठी चोपून सारवलेलं खळं, दगड नाही, ढेकूळ नाही, याहून चांगलं मैदान कुठं मिळणार? सासरे भडकले. खळ्यावर लक्ष्मी असते, तिथं पोरींनी तंगड्या ओढायच्या का, म्हणाले. यमुना म्हणाली, "आबा, लक्ष्मी पन पोरगीच हाय." ते काठी घेऊन शेताकडं निघून गेले. मला लक्ष्मीचं काही नव्हतं, मला सारवणाचं होतं. मी सांगून टाकलं की खेळायचं तर शेण आणायचं आणि खेळ झाला की खळं सारवून जायचं. पोरी रोज सारवायच्या. भावांच्या शाळेच्या खाकी चड्ड्या घालून खेळायच्या आणि त्याच चड्ड्यांना हात पुसायच्या. गावात चार महिने याच्यावर बोलणं झालं, मग लोकांना दुसरा विषय मिळाला. असं दरवर्षी चाललं. मोठ्या झालेल्या पोरी लग्न होऊन जायच्या, नव्या यायच्या. यमुना वर्ग झाडून सरळ खळ्यावर.

त्यात रखमा आली. वरच्या ठाकरांच्या वाडीवरच्या गोमाची पोर. डोंगर चढून उतरून पाय असे झाले होते की ती एकदा रोवून उभी राहिली की तिघींना हलायची नाही. यमुना तिच्याकडं बघायची तसं तिनं कुणाकडं बघितलं नाही. पण रखमाचं लग्न ठरलेलं होतं, वैशाखात. यमुना तीनदा डोंगर चढून गोमाला भेटली. शेवटी तो म्हणाला, जिल्ह्याचा संघ निवडणारे साहेब माझ्या पोरीचं नाव घेतील तर एक वर्ष थांबतो. नाही घेतलं तर वैशाख.

आणि त्याच वेळी, ऐंशी सालच्या पुढं-मागं, निरोप आला की जपानच्या पोरी येणार. आपल्याच माणसांनी तिकडं जाऊन त्यांना कबड्डी शिकवली होती, आता त्या इथं फिरून खेळून बघणार होत्या. खोपोलीला एका कारखान्याच्या मैदानावर सामना, आणि समोर तालुक्यात जिंकलेल्या कुमारी, म्हणजे आमच्या खळ्यावरच्या. जिल्ह्याचे साहेब बघायला येणार होते. अट एकच, पाहुण्या पोरी हलक्या, म्हणून पंचेचाळीस किलोच्या वरची खेळाडू चालणार नाही.

वजन करायचं कुठं? गावात मोठा काटा एकच, भाताच्या व्यापाऱ्याचा. आढ्याला टांगलेला तराजू. एकेक पोर पारड्यात गुडघे पोटाशी घेऊन बसली, दुसरीकडं लोखंडी वजनं. खूप हसलो आम्ही. व्यापारी म्हणाला, ओलावा किती कापू? रखमा बसली तेव्हा मात्र सगळ्यांचे डोळे काट्यावर. काटा हलला, डुलला आणि पंचेचाळीसच्या आत थांबला. यमुनेनं व्यापाऱ्याला चहा पाजला.

खोपोलीला टेंपोनं गेलो. सात पोरी, यमुना, गोमा आणि मी. मला जायचं कारण नव्हतं, पण घरी बसवलं नसतं. मैदानावर दवाखान्यातल्यासारखा उभा काटा होता. सहा पोरी चढल्या उतरल्या. रखमा चढली आणि पंच म्हणाला, दीड किलो जास्त आहे, ही बसेल बाहेर. यमुना म्हणाली परत करा. परत केलं. तेवढंच. तिनं स्वतः काट्याखाली हात घालून बघितलं... आणि मला लख्ख कळलं. मी म्हटलं, "यमे, आपुन हिला भाताच्या काट्यावर तोलली गं."

त्या व्यापाऱ्याची वजनं जड आहेत हे गावातलं शेंबडं पोरही सांगायचं. दर सुगीला त्याला शिव्या घालायच्या आणि भात त्यालाच घालायचा, अशी आमची रीत. पण तोच काटा पोरीचंही वजन खाईल हे ना तिच्या डोक्यात आलं, ना माझ्या, ना गोमाच्या. भात चोरतो, माणूस कशाला चोरील, असं काहीतरी वाटलं असणार. गाढवं आम्ही.

गोमा म्हणाला, "मंग झालं तर, यमुनाबाय." त्याच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट. तिथला कुणी शहाणा म्हणाला, अजून तीन तास आहेत, पोरीला दोन घोंगड्या गुंडाळून बोरघाटाच्या चढावर पळवा, घामानं उतरेल. रखमा तयार होती. यमुना त्या माणसावर अशी आली की तो मागं सरला. "पोर काय वलं भात हाय, वाळवून वजन उतरवाया?"

मग तिनं रखमाचा हात धरला आणि सरळ जपानच्या पोरी बसल्या होत्या तिथं गेली. पंच मागून हाका मारतोय. यमुनेला मराठीशिवाय एक अक्षर येत नव्हतं. तिनं त्यांच्यातली सगळ्यांत दणकट पोर निवडली, बहुतेक कप्तान, तिला उठवलं आणि रखमासमोर उभी केली. रखमाचा दंड तिच्या हातात दिला, तिचा दंड रखमाच्या हातात दिला, काट्याकडं बोट दाखवलं आणि स्वतःच्या कपाळावर हात मारला. मग खाली बसून त्या पोरीचा घोटा धरून दाखवला. ती पोर आधी दचकली. मग तिनं रखमाचा दंड दाबून बघितला, पोटरीकडं बघितलं आणि हसून आपल्या मास्तरीणबाईंना काहीतरी म्हणाली. त्यांनी दुभाष्याला सांगितलं. दुभाषा पंचांना म्हणाला, पाहुण्या म्हणतात की एवढ्या लांबून आलोय ते हिच्याशीच खेळायला, हिला घ्या. अट पाहुण्यांसाठीच घातलेली. पंचानं रखमाला आत घेतलं.

तो सामना... काय सांगू! त्या पोरी वाऱ्यासारख्या होत्या. पहिल्या डावात आमच्या पोरींना काही कळेना. हात लावून परत जायच्या तेव्हा आमच्या पोरी अजून वळतच असायच्या. पाच गुण मागं. मध्यंतराला यमुनेनं भाषण केलं नाही, फक्त रखमाला कोपऱ्यात उभी राहा म्हणाली. दुसऱ्या डावात रखमानं एक धरली, मग दुसरी. एका चढाईत दोघींना बाद करून आली. लोक उभे राहिले. मीही उभी होते, कारखान्यातल्या कुणा साहेबाच्या खुर्चीवर, चपला घालून. बरोबरी झाली, आणि अगदी शेवटच्या चढाईला त्यांची तीच कप्तान आली. कबड्डी कबड्डी, डावीकडं, उजवीकडं, आणि कोपऱ्यात पाय टाकला की रखमा खाली गेली आणि घोटा धरला. ती पोर ओढतेय, रखमा फरफटतेय, माती उडतेय, त्या पोरीचा हात मध्यरेषेकडं लांबलेला, वीत राहिली, चार बोटं राहिली... मी काय शिव्या दिल्या ते इथं लिहीत नाही. दोघी आणखी येऊन पडल्या. कबड्डीचा आवाज बारीक झाला, बारीक झाला, तुटला. शिट्टी. एका गुणानं जिंकलो. मी त्या साहेबाचा खांदा घट्ट धरून ठेवला होता, हे त्यानं सोडा म्हटल्यावर कळलं.

जिल्ह्याचे साहेब येऊन म्हणाले, जिल्ह्याच्या कुमारी गटालाही वजनाची हीच अट, त्यात ही बसत नाही, पण महिलांच्या निवडीला अलिबागला पाठवा, नाव लिहून घेतलंय. म्हणजे काट्यानं जे खाल्लं होतं ते असं वर आलं. गोमा डोकं खाजवत उभा. म्हणाला, "मी पाव्हन्यांना काय सांगू?" यमुना म्हणाली, "सांग, आमची पोर चुकीची तोलली व्हती. एक वरीस थांबा." थांबले ते मुलाकडचे पाहुणे. रखमा जिल्ह्याकडून दोन हिवाळे खेळली आणि मग त्याच मुलाशी लग्न करून गेली. भारताच्या संघात तिचं नाव आलं नाही, आमच्या खळ्यावरून कुणाचंच आलं नाही. लोक यमुनेला त्यावरून टोचायचे तेव्हा ती म्हणायची, आपण कशाला जायचं, जपान आपल्याकडं येऊन गेलाय.

काट्यावरचा विश्वास मात्र तिचा कायमचा उडाला. त्यानंतर ती पोरींना पाठीवर घ्यायची. नवी पोर आली की पाठीवर घेऊन अंगणात चार पावलं चालायची आणि वजन सांगायची, आणि अर्ध्या किलोचा फरक पडायचा नाही. पोरी संपल्या तरी सवय गेली नाही. माझ्या सुना, नाती, लग्नाला आलेली पाहुणी, सगळ्यांना तिनं उचललं. सत्तरीत कंबर धरली तेव्हा कुठं थांबली.

शेवटी खोपोलीच्या दवाखान्यात होती. मी गेले तेव्हा तिला कुशीवर करायचं होतं आणि बोलावलेली बाई येईना. मीच हात घातला, पाठीखाली आणि गुडघ्याखाली, आणि उचलली. काही लागलंच नाही हाताला. तिनं माझ्या तोंडाकडं बघून ओळखलं.

"किती भरले गं वैनी?"

मी म्हटलं, "बसशील कुमारी गटात."

तिनं डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मी पांघरूण सारखं केलं, तेवढ्यात म्हणाली, "कुनाच्या काट्यावर?"