पप्पांच्या बाजूचा परिच्छेद

दहावीत इंग्रजीच्या मॅडम निबंधाचे प्रकार शिकवायच्या आणि तपासलेल्या प्रत्येक निबंधाखाली पालकांची सही आणायला लावायच्या. शाळा सुटली की मी शाहूपुरीत पप्पांच्या पाण्याच्या पंपांच्या दुकानात जायचे. त्यांना इंग्रजी वाचणं जड जायचं, म्हणून पेन उघडून ते आधी म्हणायचे, "काय लिवलंयस, मराठीत सांग बघू."

डिस्क्रिप्टिव्ह निबंध सांगायला मला आवडायचा. त्यात काही घडावं लागत नाही. मी बिद्रीच्या साखर कारखान्याजवळची हवा लिहिली होती: हंगामात रस्त्यावर तरंगणारा गोडसर, आंबूस वास, उसाच्या ट्रॉलीमागे सरकणारी आमची गाडी, काचेला डोकं टेकून अर्धवट झोपेतली मी. सांगता सांगता दुकानातला ग्रीसचा वासही गोड वाटू लागला. नॅरेटिव्हमध्ये काहीतरी घडवावं लागे. ते मी मुरगूडच्या आत्याच्या मांजरावर ढकललं. दोन्हींत मला लपता आलं.

आर्ग्युमेंटेटिव्हमध्ये लपायला जागा नव्हती. एक बाजू घ्यायची, आणि विरुद्ध बाजूलाही एक परिच्छेद प्रामाणिकपणे द्यायचा. विषय होता, अकरावीची शाखा कोणी ठरवावी. घरात माझं सायन्स ठरलेलं होतं. मला आर्ट्सला जायचं होतं, आणि ते मी फक्त त्या वहीत बोलले होते.

त्या दिवशी मी पप्पांना विरुद्ध बाजूचा परिच्छेद तेवढा सांगितला. आईवडिलांनी जग पाहिलेलं असतं, त्यांना काळजी असते, वगैरे.

"बराबर लिवलंयस की!" ते खूश झाले. पेन टेकवलं आणि थांबले. "मग ही दोन पानं कशाची हाईत?"

बाहेरच्या रिक्षांचे आवाज हळूहळू लांब गेले, ट्रॉलीमागे झोप लागताना जायचे तसे. मी वही जवळ ओढली आणि एकेक वाक्य मराठीत करत गेले, त्यांच्याकडे न बघता. दुसऱ्याच कुणा मुलीचं सांगत असल्यासारखं.

"शाळंत असं भांडतीस व्हय?" ते म्हणाले. "आन् घरात गुळणी धरल्यागत गप?"

मी वही परत त्यांच्यापुढे सरकवली.

त्यांनी सही केली. मग त्यांच्या बाजूच्या परिच्छेदावर बोट ठेवलं. "माझं लई थोडक्यात उरकलंयस. जेवताना मी आजून सांगतो. तू उत्तर दे."

आठवडाभर आम्ही जेवताना भांडलो. अकरावीच्या फॉर्मवर 'आर्ट्स' मी लिहिलं. खाली सही करताना, काय लिहिलंय, हे त्यांनी विचारलं नाही.