अर्डिस क्विलिंगवर बजावलेली नोटीस

हेग्ना गावच्या शेरीफ ठाण्यात शिरलं की उजव्या भिंतीवर नऊ फोटो दिसतात. नऊच्या नऊ पुरुष, नऊच्या नऊ मिशीवाले, आणि खाली प्रत्येकाची वर्षं. आमच्या काउंटीचा इतिहास म्हणजे एवढंच, असं समजून पोरं सहलीला येतात आणि बिस्किटं खाऊन परत जातात. त्या भिंतीवर अर्डिस क्विलिंगचा फोटो नाही. सातव्या फोटोतल्या हाल्वर क्विलिंगची ती बायको.

ठाण्याची गोष्ट तशी मालगाडीच्या डब्यापासून सुरू होते. काउंटी वेगळी झाली तेव्हा कोठडी बांधायला कुणाला सवड नव्हती. स्टेशनच्या कडेच्या रुळावर एक टाकाऊ डबा उभा होता. त्याला कुलूप लावलं की झाली कोठडी. एकदा शेरीफसाहेब आतल्या माणसाचं जेवण घेऊन गेले, तर डबा जागेवर नाही! इंजिनवाल्यांनी तो आपलाच समजून गाडीला जोडला होता आणि कैद्यासकट ऐंशी मैलांवरच्या जंक्शनला पोचवला होता. कैदी तिथून दुसऱ्या गाडीने आपण होऊन परत आला, कारण त्याचा कोट शेरीफच्या घरी राहिला होता. त्यानंतर मात्र लोकांना लाज वाटली आणि सगळ्यांनी मिळून विटांची इमारत उभी केली. पुढे शेरीफचं घर, मागे दोन कोठड्या, आणि मध्ये एकच स्वयंपाकघर. त्याच्या भिंतीत ताट सरकवण्यापुरती खिडकी.

ही खिडकी काढताना कुणी मोठा विचार केला असेल असं नाही. पण तिच्यामुळे एक गोष्ट कायमची ठरून गेली. शेरीफ निवडून यायचा एक, आणि राबायची दोन माणसं. शेरीफच्या बायकोने कैद्यांना रांधून घालायचं, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. सूर्य उगवतो हेही कुठे लिहिलेलं नसतं.

हाल्वर पन्नास साली निवडून आला. नव्या वर्षात अर्डिसने त्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं ते दोन ट्रंका आणि आईचं लेफ्से, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या, लाटायचं खाचांचं लाटणं घेऊन. तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. मूलबाळ नव्हतं, पुढेही झालं नाही. पहिल्या आठवड्यात तिने फक्त स्वयंपाक केला. दुसऱ्या आठवड्यात हाल्वर पन्नास मैलांवर कुणाची तरी हरवलेली गुरं शोधायला गेला आणि वायरलेस खरखरू लागला. आता तो कुणीतरी घ्यायला हवा होता. तिने पिठाचे हात ॲप्रनला पुसले आणि घेतला. तेव्हापासून तो तिच्याच गळ्यात पडला. मग किल्ल्या आल्या, टपाल आलं, आवक-जावकचं रजिस्टर आलं. बायका कैदी आल्या की त्यांची झडती आली. चोपन्न सालच्या हिमवादळात शाळेची बस रस्ता चुकली, तेव्हा अकरा तास वायरलेसवर बसून, कोणत्या शेतकऱ्याच्या कुंपणाला धरून कुठे वळायचं हे ड्रायव्हरला सांगत, बावीस पोरं तिने सुखरूप आणली. पेपरात हाल्वरचा फोटो आला. हाल्वर त्या वेळी गाडीसकट बर्फात रुतून बसला होता. हे त्याने स्वतःच सगळ्यांना हसत हसत सांगितलं, कारण माणूस प्रामाणिक होता.

त्याला एकच काम जमायचं नाही, नोटीस बजावणं. शेत जप्तीची, घटस्फोटाची, घर सोडण्याची, कसलीही असो. त्याचे हात थरथरायचे. पहिल्याच वर्षी एका म्हाताऱ्याच्या हातात जप्तीची नोटीस कोंबून तो पळत गाडीत बसला, आणि म्हातारा अंगणातच मटकन खाली बसला. त्या दिवशी अर्डिसने त्याला चांगलं झापलं.

"हे बघ हाल्वर," ती म्हणाली, "माणसाच्या घरी जायचं, टोपी काढायची, बसायचं. तो कॉफी देईल ती प्यायची. कॉफी संपली की कागद द्यायचा. आणि तो वाचून होईपर्यंत उठायचं नाही. पळून काय जातोस चोरासारखा?"

तेव्हापासून ठाण्याची ही रीतच पडली. आधी कॉफी, मग कागद. वकिलांनी नाकं मुरडली, पण सगळ्या काउंटीला रीत ठाऊक झाली, आणि मग आमच्या लोकांनी त्यातूनही वाट काढली. शेरीफची गाडी दिसली की कॉफीच करायची नाही! स्वेन ओडेगार्डने तर कमाल केली. हाल्वरला चार तास बसवून ठेवलं. हवापाणी झालं, गव्हाचा भाव झाला, मेलेल्या गाईचे गुण गाऊन झाले, पण चूल काही पेटेना. शेवटी हाल्वर नोटीस तशीच खिशात घेऊन परत आला. दुसऱ्या दिवशी अर्डिस स्वतः थर्मासमध्ये कॉफी घेऊन गेली. "स्वेन, पेले काढ," म्हणाली, "मला आज आणखी दोन घरं करायची आहेत." स्वेनने निमूट पेले काढले. पुढे बहुतेक नोटिसा तीच बजावू लागली आणि सही हाल्वरची असायची.

अडुसष्ट सालच्या फेब्रुवारीत हाल्वर अंगणातला बर्फ ओढता ओढता कोसळला आणि तिथेच गेला. मुदतीतली जवळजवळ तीन वर्षं शिल्लक होती. शेजारच्या दोन काउंट्यांत असंच झालं होतं तेव्हा उरलेली मुदत बायकोने पुरी केली होती. अर्डिसने चार दिवस विचार केला. घर पदाचं होतं. पद गेलं की घर जाणार, हे तिला माहीत होतं. पण खरं सांगायचं तर तिला घरापेक्षा ते काम हवं होतं. तिला दुसरं काही येत नव्हतं असं नाही, पण हे तिला सगळ्यांत चांगलं येत होतं, आणि आता ते आपल्या नावावर यावं असं तिला पहिल्यांदाच वाटलं. तिने काउंटी मंडळाला अर्ज लिहिला. तीन ओळींचा. टाईप स्वतः केला, जावक रजिस्टरात नोंदवून मंडळाकडे पाठवला.

मंडळाचा अध्यक्ष एग्नर ड्रॅगसेट. गव्हाचं कोठार त्याचं, चर्चमधला पहिला बाक त्याचा, आणि गावातलं प्रत्येक मत आधी त्याचं. तो स्वतः स्वयंपाकघरात येऊन बसला. अर्डिसने कॉफी दिली. त्याने तीन पेले रिचवले.

"अर्डिस, तुझ्याबद्दल आम्हाला किती आदर आहे, तुला ठाऊक आहे."

"आहे."

"पण शेरीफचं काम म्हणजे... आता कसं सांगू तुला. अनुभव लागतो गं."

खिडकीपलीकडच्या कोठडीत विल्बर टोस्टेनरूड होता. दर हिवाळ्यात दारू पिऊन दंगा करायचा आणि थंडी सरेपर्यंत आत राहायचा. तो मोठ्याने खोकला.

"डेल रूडला नेमायचं ठरलंय," एग्नर म्हणाला. "दोन वर्षं डेप्युटी आहे. त्याची बायको येईलच राहायला. पोरगी लहान आहे, तिला एवढ्या स्वयंपाकाची सवय नाही. तू सुरुवातीला सकाळी सकाळी येऊन तिला जरा दाखवलंस तर..."

"काय दाखवू?"

"हेच. वायरलेस, रजिस्टर, सगळं. तुला तर पाठच आहे."

खिडकीतून विल्बरचा आवाज आला. "एग्नर, तुला स्वतःचं बोलणं ऐकू येतं का रे?"

"तू गप बस," एग्नर म्हणाला. त्याने टोपी उचलली आणि गेला. त्या दिवशी अर्डिसला इतका राग आला की तिने आठवडाभराच्या पावांचं पीठ एकदम मळलं. विल्बरला आठवडाभर पावच पाव मिळाले आणि त्याने तोंडातून तक्रारीचा शब्द काढला नाही.

मार्चच्या पहिल्या सोमवारी टपाल आलं. तिला कुणी काम थांबव म्हणालं नव्हतं, म्हणून ती नेहमीसारखी टपाल फोडत होती. काउंटीच्या वकिलाचं पाकीट होतं. तीस दिवसांत घर रिकामं करण्याची नोटीस, अर्डिस क्विलिंग, विधवा, हिच्या नावे. पाच दिवसांच्या आत, समक्ष, हातोहात बजावावी. तिने रजिस्टरात क्रमांक घातला, तारीख घातली, विषयाच्या रकान्यात 'घर सोडणे' लिहिलं आणि कागद डेल रूडच्या खणात ठेवला. मग बटाटे सोलायला बसली.

डेल वाईट माणूस नव्हता. एकोणतीस वर्षांचा, उंच, बोलताना कान लाल होणारा. दुपारी त्याने खण उघडला, कागद वाचला आणि घाईने कोटाच्या आतल्या खिशात घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पेला पुढे केला तर म्हणाला, "आज नको मिसेस क्विलिंग, पोट बिघडलंय." बुधवारी म्हणाला, घरूनच पिऊन आलोय. गुरुवारी तो स्वयंपाकघरात आलाच नाही. मागच्या दाराने कोठडीकडे गेला आणि मागच्या दारानेच निघून गेला. अर्डिसला सगळं कळत होतं. सतरा वर्षांत तिने कॉफी चुकवणारी माणसं कितीतरी पाहिली होती. पण आजवर कागद घेणारा चुकवायचा; देणारा चुकवतो हे ती पहिल्यांदाच पाहत होती.

शुक्रवारी मुदत संपत होती. सकाळी तिने त्याला दारातच गाठलं.

"डेल, बस."

"मिसेस क्विलिंग, मला जरा—"

"बस म्हटलं ना. टोपी काढ."

तो बसला. तिने पेला भरून समोर ठेवला. तो पेल्याकडे बघत राहिला.

"पी," ती म्हणाली. "आज संध्याकाळी पाचला मुदत संपते. नोटीस वेळेत बजावली नाही तर तुझी पहिलीच नोंद खराब होईल. कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतोस?"

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"नोंद कुणी केली त्या कागदाची? अक्षर ओळखत नाहीस का माझं?"

डेलचे कान लालभडक झाले. कॉफी कशीबशी संपवली, कोटाच्या आतल्या खिशातून पाकीट काढलं आणि दोन्ही हातांनी पुढे केलं. पाकीट चार दिवस अंगाला घासून चुरगळलं होतं. अर्डिसने ते उघडलं आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं, जणू आधी वाचलंच नव्हतं. डेल उठला नाही. ती वाचून होईपर्यंत हात मांडीवर ठेवून बसून राहिला. तिला बरं वाटलं. निदान एवढं तरी पोराने उचललं होतं.

"आता अहवाल," ती म्हणाली. "तुला भरता येतो?"

"मी कधी... ते तुम्हीच भरायच्या ना."

तर ती उठली, ऑफिसात गेली आणि टाईपरायटरात फॉर्म चढवला. नोटीस बजावल्याचा अहवाल आमच्याकडे शपथेवर असतो. कुणी बजावली, कुणावर, कुठे, किती वाजता, ज्याच्यावर बजावली त्याचा धंदा काय. असे शेकडो फॉर्म तिने भरले होते. बाईमाणूस असेल तर धंद्याच्या रकान्यात 'गृहिणी' असं ती डोळे मिटून टाईप करायची. त्या दिवशी तिची बोटं त्या रकान्यापाशी थांबली. डेल मागे उभा होता. घड्याळ टिकटिकत होतं. मग तिने एकेक अक्षर दाबत लिहिलं, 'डेप्युटी शेरीफ. सतरा वर्षं. बिनपगारी.'

कागद काढून तिने त्याच्यापुढे ठेवला.

डेलने वाचला. पुन्हा वाचला. "मिसेस क्विलिंग, ही शपथ आहे."

"म्हणूनच विचारते. यात खोटं काय आहे ते दाखव, मी खोडते."

कोठडीतून विल्बरचं घोरणं ऐकू येत होतं. मग त्याने पेन उघडलं आणि सही केली. सही करताना त्याचा हात जराही हलला नाही.

कोर्टातून फॉर्म आठ दिवसांत परत आला. धंद्याचा रकाना दुरुस्त करावा, अशी चिठ्ठी जोडलेली. सोबत एग्नर ड्रॅगसेटही आला. तोपर्यंत अर्डिसने हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत सामान हलवायला सुरुवात केली होती.

"डेल, हा काय पोरखेळ आहे? 'गृहिणी' लिही आणि मिटव."

"मी शपथेवर सही केली आहे, साहेब."

"म्हणून काय झालं?"

"आता बदललं तर दोनांतला एक कागद खोटा ठरतो. आणि हा खोटा नाही. सतरा वर्षांत ठाण्याला ज्याने ज्याने फोन केला असेल, त्याला विचारा पलीकडून कोण बोलायचं. तुमचं कोठार पेटलं तेव्हा कोण बोललं होतं, तेही आठवून बघा."

एग्नरला आठवलं असावं, कारण त्याने फॉर्म टेबलावर ठेवला आणि तो निघून गेला. रकाना तसाच राहिला. कोर्टाने शिक्का मारला. कायद्याप्रमाणे ज्याच्यावर नोटीस बजावली त्याला अहवालाची शिक्क्याची प्रत टपालाने जाते, तशी तीही गेली.

एप्रिलच्या एका सकाळी पोस्टमनने ती हार्डवेअरच्या जिन्यावरून वर नेऊन दिली. अर्डिसने सवयीने पाकीट सुरीने सरळ कापलं. खोल्या लहान होत्या, सामान लागायचं होतं, टेबलावर एकाच माणसाचा नाश्ता होता. तिने कागद उलगडला. काउंटीचा शिक्का, तारीख, शपथ, डेलची सही, आणि मधल्या ओळीत, धंद्याच्या रकान्यात, तिने टाईप केलेले ते तीन तुकडे. ती खुर्चीवर बसली आणि हमसून हमसून रडू लागली. हाल्वर गेला त्या आठवड्यात दफनाला आलेल्या दीडशे माणसांचं आणि कोठडीतल्या विल्बरचं जेवण तिच्याच हातून झालं होतं, तिला रडायला फुरसत मिळाली नव्हती. आता फुरसतच फुरसत होती. पण हे रडणं हाल्वरसाठी नव्हतं.