लांबवर का?

मुलांनो, हे आत्ता लिहिते आहे, कारण पुढच्या महिन्यात तुमचा मामा इथलं डंडॉक गावातलं घर सोडून मोठ्या शहराजवळ क्लोनडॉकिनला राहायला जातो आहे आणि त्याच्याबरोबर मीही. तिथल्या खिडकीतून डोंगर दिसत नाही. परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, तू हल्ली डोंगरावर का जात नाहीस?" मी गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघा ठणठणीत आहे.

तुमचे आजोबा गेल्यावर मी एकटीच डोंगरावर जाऊ लागले. ते असताना दर वळणावर त्यांच्यासाठी थांबावं लागे. आता थांबायला कारण उरलं नव्हतं, म्हणून भराभर चालायचे. बसने पायथ्याशी उतरायचं, माथ्यावरच्या दगडांच्या ढिगापर्यंत चढायचं, थर्मासमधला चहा प्यायचा आणि परतायचं. पाठीवरच्या पिशवीत सुके मोजे, टॉर्च, शिट्टी, सगळं जागच्या जागी. इथला पाऊस धड पडत नाही, नुसता अंगाला चिकटून राहतो. त्याचीही सवय झाली होती.

आपल्याकडे घरातून निघणाऱ्याला 'कुठे' असं विचारत नाहीत. फार तर 'लांबवर का?' म्हणतात. तुमच्या आईला आणि मामाला हे मीच लहानपणी दटावून शिकवलं होतं. मी शेवटची डोंगरावर गेले त्या दुपारी मामा लॅपटॉपवर कामात होता. मी बूट बांधले.

"लांबवर का?" मान वर न करता त्याने विचारलं.

"नाही रे, इथंच. येते."

ढिगापाशी पोचले आणि ढग खाली उतरला. पायाखालची वाट दिसेना. टॉर्च लावला तर समोर फक्त पांढरं. शिट्टी वाजवली, तर एक मेंढी ओरडली. फोनला रेंज नव्हती. मी कुठे आहे हे कोणालाही ठाऊक नाही, हे तेव्हा लक्षात आलं. एरवी याच गोष्टीचं मला सुख वाटायचं.

एक तारेचं कुंपण हाताला लागलं. ते धरून, घसरत, मधेच ओल्या गवतावर बसत खाली आले, तेव्हा अंधारायला लागलं होतं आणि मी डोंगराच्या भलत्याच बाजूला होते. रस्त्यावर एक म्हातारा शेतकरी ट्रॅक्टर थांबवून उभा होता.

"कुठे निघालात?" त्याने इंग्रजीत विचारलं. तो प्रश्न ऐकून मला रडू आलं.

"डंडॉकला."

"डंडॉक पलीकडे राहिलं की! वर होतात? आज माझ्या मेंढ्यासुद्धा वर जायला तयार नाहीत."

"तुम्ही अडवलं असेल त्यांना."

"मी कशाला अडवू? त्यांना अक्कल आहे," तो हसला. "चला, बाई. आता सगळं ग्रँड आहे." इकडे 'ठीक'ला 'ग्रँड' म्हणतात.

त्याच्या स्वयंपाकघरातून मामाला फोन केला. मामा आला तो माझ्याहून जास्त भिजलेला. वाचनालय, भारतीय किराण्याचं दुकान, समुद्रकिनारा, सगळीकडे शोधून झालं होतं. मी 'इथंच' म्हटल्यामुळे डोंगर त्याच्या मनातही आला नव्हता. गाडीत तो म्हणाला, "आई, मी किनाऱ्यावर उभा राहून पाण्यात बघत होतो गं."

मी पिशवीतले सुके मोजे काढून त्याच्या मांडीवर ठेवले.

"यापुढे मी 'कुठे' विचारणार. अपशकुन झाला तर होऊ दे."

"विचार," मी म्हटलं.

त्याने मला डोंगरावर जायला कधी मनाई केली नाही. पण कपाटातून बूट बाहेर काढले की त्याचा चेहरा बघवत नाही, आणि मी ते परत ठेवून देते. बांधाबांध करताना काल ते पुसून खोक्यात घातले.

आता तो दारात 'कुठे?' विचारतो आणि मी खरं ते सांगते : दुकानात, वाचनालयात, कोपऱ्यापर्यंत. निघताना 'येते' मात्र अजून म्हणते, आणि अजूनपर्यंत दर वेळी परत आले आहे.